चुकल्यामाकल्याचे पान

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा या खेपेस नेहमीपेक्षा जरा ऐसपैस लिहा, असे संपादकांनी कळवले. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दोन पत्रे माझ्या टेबलावर येऊन पडली. दोन्हींत मागणी एकच होती. मी मराठीत काहीतरी लिहून द्यावे. मराठीच्या प्राध्यापिकेकडून लोक लग्नपत्रिकेपासून मानपत्रापर्यंत वाटेल ते लिहून घेतात. वीस वर्षांत मला त्याची सवय झाली आहे आणि, खरे सांगायचे तर, थोडी हौसही आहे. पण ही दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवली आणि मला एकालाही उत्तर लिहिता येईना.

पहिले पत्र आमच्या गावच्या मुंबईकर मंडळींचे. आमचे गाव म्हणजे माझे सासर, संगमेश्वर तालुक्यातले. नाव देत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचे आहे. गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला आहे. जुने कौलारू देऊळ काढून तिथे सिमेंट-काँक्रीटचे, उंच शिखराचे, गुळगुळीत फरशीचे देऊळ उभे राहायचे आहे. त्याच्या वर्गणीचे विनंतीपत्रक मी लिहून द्यायचे. सोबत आराखडा होता. देवळामागे जिथे आज देवराई आहे तिथे आराखड्यात एक चौकोन काढलेला होता आणि चौकोनात लिहिले होते, ‘परिसर सुशोभीकरण व वाहनतळ’.

दुसरे पत्र इंग्लंडातून, लीड्सहून, माझ्या पुतणीचे. पत्र म्हणजे हल्लीच्या रीतीप्रमाणे मोबाइलवर आलेला मजकूर. पण लांबी जुन्या पत्राची. ती सहा वर्षांपूर्वी तिकडे शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिने लिहिले होते, “काकू, गेली दोन वर्षे मी इथल्या पेगन लोकांत जाते. आता मी पेगनच आहे म्हण ना. आईबाबांना अजून बोलले नाही. आजीला तू सांग. आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आजी काय काय करते ते सगळे मला नीट लिहून पाठव. मला इथे तसा हिवाळा करायचा आहे.”

हिवाळा करायचा! आपण उन्हाळा काढतो, पावसाळा काढतो; हिवाळा ‘करणे’ हा प्रयोग एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढली असती.

पेगन हा शब्द वाचकांपैकी काहींना नवा असेल. लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्याचा मुलूख आणि ‘पागानुस’ म्हणजे तिथे राहणारा. पुढे ख्रिस्ती झालेल्यांनी न झालेल्यांना हेच नाव दिले आणि त्यात थोडी तुच्छता मिसळली. आपल्याकडे ‘ग्राम्य’ या शब्दाचे तेच झाले. गावचा तो ग्राम्य. पण आज कुणाच्या बोलण्याला ग्राम्य म्हटले तर तो भांडायला उठेल. म्हणजे आमची मुलगी, शब्दाचा मूळ अर्थ धरला तर, लीड्सला जाऊन गावकरीण झाली!

इंग्लंडात हा पंथ आज ज्या रूपात दिसतो ते रूप तसे अलीकडचे. चेटकासंबंधीचा १७३५ चा कायदा तिथे १९५१ साली रद्द झाला आणि तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थांनी ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक लिहिले. तेव्हापासून या मंडळींच्या नाना शाखा झाल्या. २०२१ च्या खानेसुमारीत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘पेगन’ असे लिहिले. यांना सर्वमान्य पोथी नाही, पीठ नाही, गुरूही नाही. पुष्कळजण वर्षाचे आठ सण पाळतात. दोन अयनांचे, दोन संपातांचे आणि त्यांच्या अधलेमधले चार. ऑक्टोबर संपताना पितरांची आठवण, २१ डिसेंबरच्या सुमारास ‘यूल’, फेब्रुवारी उजाडताना हिवाळा वळल्याची खूण. गेल्या यूलला आमची मुलगी आणि तिच्याबरोबरचे दहा-बाराजण गावाबाहेरच्या टेकडीवर अंधारात गप्प बसून राहिले. मग एकीने एक मेणबत्ती लावली आणि तिच्यावरून सगळ्यांनी लावल्या. झाले. एवढाच सोहळा. “मला रडू आले, काकू,” असे तिने लिहिले होते.

लीड्सला त्या दिवशी उजेड जेमतेम साडेसात तास असतो. दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. आमच्या रत्नागिरीला वर्षातला लहानात लहान दिवसही अकरा तासांचा. इथे बसून त्या रडण्याला हसणे सोपे आहे. पण साडेसात तासांच्या दिवसात परगावी एकटीने राहायचे म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही. म्हणून मी हसले नाही. मनात मात्र हटकून टिळकांची आठवण आली. इथल्या टिळक आळीतल्या घरात १८५६ साली जन्मलेल्या या माणसाने, आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, असे मांडणारे पुस्तक १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात महिनोन्‌महिने न संपणाऱ्या रात्रीचा आणि उषेची वाट पाहणाऱ्या ऋषींचा केवढा ऊहापोह आहे! त्यांचा सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत. पण अकरा तासांच्या दिवसाच्या गावात जन्मलेल्या माणसाला त्या लांब रात्रीने एवढे धरून ठेवावे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

असो. सासूबाईंना सांगण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांचे वय ब्याऐंशी. मी चार वाक्यांची प्रस्तावना केली, मग सांगितले. त्यांनी सुपातले तांदूळ निवडणे थांबवले नाही.

“म्हणजे झाडांना आणि सूर्याला पुजते?”

“हो.”

“मग आपण काय करतो?” आणि थोड्या वेळाने, “तिकडे थंडी फार अगो. पायांत मोजे घालून पूजा केली तरी चालते म्हणावं.”

माझी स्वतःची गोष्ट निराळी. मी देव मानत नाही. कॉलेजात लोकसाहित्य शिकवताना ग्रामदैवते, राखणदार, कौल, गाऱ्हाणे यांवर मी तासन्‌तास बोलते. पण फळ्यावरच्या उदाहरणांसारखी. घरात सणवार होतात ते सासूबाईंमुळे, आणि त्यात माझा वाटा आजवर नारळ खवण्यापुरता. त्यामुळे पुतणीला पत्र लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले, की बावीस वर्षे समोर घडत असलेली गोष्ट मला क्रमाने सांगता येत नाही. मग चार रविवार सासूबाईंजवळ वही घेऊन बसले.

नरकचतुर्दशीचे कारीट तिला आठवत होतेच. पहाटे तुळशीपुढे ते हिरवे, लिंबाएवढे, कडूजहर फळ डाव्या पायाच्या टाचेखाली फोडायचे, बी जिभेला लावायचे, आणि मग फराळाला पोह्यांचे पाच प्रकार. पावसाळाभर कुंपणावर माजलेल्या वेलीचे फळ फोडून पावसाळ्याला निरोप द्यायचा आणि नव्या भाताचे पोहे खायचे, एवढा त्याचा अर्थ मी लावते. सासूबाई म्हणाल्या, “अर्थ कसला? कडू आधी खावं.” तुळशीचे लग्न ऊस, चिंचा, आवळे घेऊन होते, म्हणजे त्या महिन्यात रानात आणि मळ्यात जे तयार असते तेच वऱ्हाडी. लीड्सला चिंच मिळते, आवळा गोठवलेला मिळतो, असे तिचे उत्तर आले. कारीट काही मिळत नाही.

पण आमच्या घरचा खरा हिवाळा सुरू होतो देवदिवाळीला. दिवाळीच्या पाडव्यानंतर बरोबर महिन्याने, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. माणसांची दिवाळी झाली, आता देवांची. त्या दिवशी घावन-घाटले, वडे असा स्वयंपाक होतो आणि केळीच्या पानांचे तुकडे ओळीने मांडून एकेका दैवताचा नैवेद्य वेगळा वाढला जातो. कुलस्वामीचे पान, कुलस्वामिनीचे, गावदेवीचे, सीमेवरच्या राखणदाराचे, मूळपुरुषाचे, वास्तूचे, गोठ्याचे. आमचा गोठा नऊ वर्षे रिकामा आहे. लग्नानंतर प्रथमच गावी राहिले तेव्हा त्यात दोन म्हशी होत्या. म्हशी गेल्यावर मी एकदा म्हटले, “आता हे पान कशाला?” तर म्हणाल्या, “म्हशी नाहीत. गोठा आहे ना?”

आणि शेवटी आठवे पान. त्याला त्या म्हणतात चुकल्यामाकल्याचे. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, जो कुणी राहून गेला असेल, त्याचे. ते पान घरात राहत नाही. ते देवळामागच्या राईत, एका जुन्या ऐनाच्या बुंध्याशी ठेवायचे आणि मागे वळून न पाहता परत यायचे. गेल्या वर्षी सासूबाईंचे गुडघे अगदीच गेले. त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या आणि पहिल्यांदाच सगळी पाने मी मांडली. आठवे पान घेऊन राईत मी गेले. मागे वळून पाहिले. एक कुत्रा वडा खात होता. कुत्र्याचे काही चुकले असे मला वाटले नाही.

हे सगळे मी पुतणीला लिहिले. संक्रांतीबद्दलही लिहिले. आमच्याच तालुक्यात मारळला मार्लेश्वर आहे. सह्याद्रीच्या कुशीतली गुहा, शेजारी धबधबा, आत समयांचा उजेड. संक्रांतीला त्या देवाचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते. पालख्या येतात, वऱ्हाड जमते, दरवर्षी नव्याने लग्न! सूर्य उत्तरेला वळला की देवाच्या लग्नाला हरकत नाही. वस्तुतः सूर्य वळतो २१-२२ डिसेंबरला. आपण संक्रांत करतो १४-१५ जानेवारीला. अयनबिंदू मागे सरकत गेला आणि आपला सण राशीला धरून बसला, म्हणून हा तीनएक आठवड्यांचा फरक. तिने लगेच कळवले, की इंग्लंडातही असेच आहे. सॉमरसेट परगण्यात १७ जानेवारीला लोक सफरचंदाच्या बागांत जमतात, झाडासाठी गाणी म्हणतात, मुळाशी सफरचंदाची दारू ओततात आणि फांद्यांवर भाजलेल्या पावाचे तुकडे ठेवतात. मूळ दिवस जानेवारीच्या पाच-सहा तारखेचा. पण १७५२ साली सरकारने पंचांग बदलून अकरा दिवस गाळले, ते बागाईतदारांनी मानले नाही.

बागाईतदार इथूनतिथून सारखेच. आमच्याकडे थंडी म्हणजे काय? जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा बहुधा अठराच्या आसपास. लीड्सचा माणूस सदऱ्यावर फिरेल. पण त्या थोड्याशा थंडीवर हापूसचा मोहोर अवलंबून. थंडी पडली नाही तर झाडाला नुसती पालवी फुटते. मोहोर आल्यावर ढग आले, अवेळी पाऊस झाला, तर तुडतुडे आणि करपा. डिसेंबरात रत्नागिरीच्या बाजारात कुणीही कुणाला पहिला प्रश्न विचारतो तो, “थंडी काय म्हणते?” फवारणीची औषधे कर्ज काढून मारलेली असतात, आणि तरीही कलमाच्या मुळाशी नारळ ठेवलेला असतो. लीड्सच्या माणसाला अंधाराची भीती, आम्हाला ढगांची. गाऱ्हाणे कुणाला तरी घालावेच लागते.

इथवर पत्र गोड झाले होते. मला ते तसेच पाठवता येईना. मुलगी दूर आहे, तिला गाव धुक्यातून दिसतो. मग मी पुढे लिहिले, की याच देवराईच्या कडेला गावातली काही घरे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभी राहिली. पालखीला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, यावर डोकी फुटली. बायकांना गाऱ्हाणे घालायचा मान नाही. चार दिवस तर देवळाची पायरीही नाही. राखणदाराला आम्ही नारळ देतो, इतर कोंबडा देतात. ताप आला तर आधी भगत, मग डॉक्टर. त्यात माणसे गेली आहेत. सगळ्या जातींनी एकत्र पूजा करावी म्हणून रत्नागिरी शहरात १९३१ साली सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर नवे बांधावे लागले. जुन्या गावदेवतेच्या दारात ते झाले नाही. तुला हा हिवाळा हवा असेल तर तो असा आहे.

दोन दिवस उत्तर आले नाही. मग आले, “काकू, म्हणूनच मला निवडून घ्यायचे आहे. पान घेईन, रांग घेणार नाही.”

निवडून घेता येते का? मला खरोखर ठाऊक नाही. माझे कुलदैवत लग्नाच्या दिवशी बदलले. मला कुणी विचारले नव्हते. सासूबाईंनाही नाही. तेव्हा देव निवडणाऱ्या या मुलीचा मला थोडा हेवा वाटला हे कबूल करते. पण निवडलेल्या देवाची भीती वाटत नाही, आणि आमची राई तर भीतीनेच राहिली. गावातले सगळे रान तुटले, कोळशाला गेले, लाकूडवाल्याला गेले. ही तीन एकर राहिली, कारण इथली काटकीसुद्धा उचलली तर देवी सोडत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा राया हिंडून अभ्यासल्या आणि देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांचे मोल शास्त्राच्या भाषेत सांगितले. आमच्या राईत ऐन आहे, किंजळ आहे, दोन बेहडे आहेत, आणि माणसाच्या हाताएवढ्या शेंगांची गारंबीची वेल आहे. बेहड्यांवर धनेश येतो. पण मुंबईला वाढलेल्या मुलांना देवीची माया आहे, धाक नाही. धाक गेला हे चांगलेच झाले, असे मी वर्गात वीस वर्षे सांगत आले आहे.

गणपतीत मुंबईकर गावी आले तेव्हा देवळात सभा झाली. मंडळी वाईट नाहीत. कौलांतून पाणी गळते, शेवाळावरून म्हातारी माणसे घसरतात, मागच्या पावसात किंजळाची फांदी छपरावर पडली, शिमग्याला गाड्या लावायला जागा नाही, हे सगळे खरे. वर्षभर दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याला, गावी आपले काहीतरी उंच आणि पक्के उभे असावे, असे वाटले तर त्याला नावे कशी ठेवू? मी खांबाशी बायकांत बसले होते. जैवविविधता, भूजल वगैरे बोलले. सगळ्यांनी अदबीने ऐकले. अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, तुमचं बरोबर आहे. आपण दुसरीकडे शंभर झाडं लावू.” टाळ्या झाल्या.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेले, “देवळाचा कौल घेतलात, झाडांचा घेतलात का?”

सभा गप्प झाली. सगळ्यांनी गुरवांकडे पाहिले. गुरव म्हातारे आहेत, ऐकायला कमी येते, पण हे त्यांनी ऐकले होते. “नाय घेतला,” ते म्हणाले. मग बरीच कुजबूज झाली आणि ठरले, की देवदिवाळीला देवीपुढे झाडांचा कौल लावायचा. पडेल तसे करायचे.

कौल म्हणजे काय ते मी दरवर्षी शिकवते. पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी किती, पाकळी केवढी, वारा कुठला, यावर ते ठरते. हे सांगताना मुले हसतात आणि मीही त्यांना हसू देते. आता त्याच पाकळ्यांवर मी तीन एकर राई लावून बसले आहे. उजवी पडली तर मला बोलायला जागा उरणार नाही, आणि ती जागा मीच घालवली. आमच्या घरी म्हणाले, “तुला त्यांच्याशी तुझ्या भाषेत भांडायला हवं होतं.” भांडले होते. टाळ्या पडल्या होत्या.

सासूबाईंना सभेचा वृत्तांत सांगितला. त्यांनी एवढेच विचारले, “राई गेली तर आठवं पान कुठे ठेवणार?” मला सुचले नाही.

पुतणीने मात्र तिची सोय केली आहे. केळीचे पान तिथल्या दुकानात मिळते. घावनाचे प्रमाण मी लिहून पाठवले. तिच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक मोठे झाड आहे. नगरपालिकेने त्याच्यावर क्रमांकाचा बिल्ला ठोकला आहे. त्याच्या बुंध्याशी आठवे पान ठेवीन म्हणते. घरून निघताना मोजे घालून.

विनंतीपत्रक मी लिहून दिले. जीर्णोद्धाराचे सगळे लिहिले, मनापासून लिहिले. गळके छप्पर मीही पाहिले आहे. सुशोभीकरणाची ओळ लिहिली नाही. ती जागा कोरी ठेवून, देवदिवाळीनंतर भरू, असे कळवले आहे. त्या दिवशी कॉलेज चालू आहे आणि एम.ए.च्या वर्गाला लोकसाहित्याचाच तास आहे. रजेचा अर्ज दिला आहे. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ असे लिहिले.